बिघाडांनी उलगडलेली बी पेशी : प्रतिपिंडांच्या वर्गबदलाचा इतिहास

शरीरात शिरलेल्या जंतूला किंवा विषाला नेमके ओळखून त्याला चिकटणाऱ्या रक्तातील प्रथिनांना प्रतिपिंडे म्हणतात, आणि ज्या पांढऱ्या रक्तपेशींच्या वंशात ती घडतात त्या पेशींना बी पेशी. जंतूशी पहिली गाठ पडताच बी पेशी आयजीएम नावाच्या वर्गाची प्रतिपिंडे घडवू लागते. पुढच्या काही दिवसांत मात्र तिच्याच वंशातील पेशी त्याच जंतूला ओळखणारी, पण वेगळ्या बांधणीची आणि शरीरात वेगळे काम करणारी आयजीजी, आयजीए किंवा आयजीई या वर्गांची प्रतिपिंडे घडवू लागतात. या पालटाला वर्गबदल असे नाव आहे. आज वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात थोडक्यात सांगितली जाणारी ही घटना समजून घेण्यात दीड शतकाहून अधिक काळ गेला, आणि तो सारा काळ एकत्र नजरेखाली घातला तर असे दिसते की या शोधाच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर वाट दाखवली ती बिघडलेल्या शरीरांनी. हाडांच्या मगजात गाठी झालेले रुग्ण, जन्मापासून प्रतिपिंडेच नसलेली मुले, एक अवयव कापून टाकलेल्या कोंबड्या आणि पोटात तेल टोचून गाठी उठवलेले उंदीर यांच्यावाचून ही यंत्रणा उलगडली नसती. याचे कारण साधे आहे. निरोगी माणसाच्या रक्तात अक्षरशः लाखो प्रकारची प्रतिपिंडे एकमेकांत मिसळलेली असतात आणि त्यांतील कोणतेही एक वेगळे काढून त्याची रचना तपासावी इतक्या प्रमाणात ते हाती लागत नाही. बिघाडाने हे मिश्रण मोडले, एखादा घटक अतोनात वाढवला किंवा पूर्ण पुसून टाकला, तेव्हाच त्या घटकाचे स्वरूप डोळ्यांना दिसले.

प्रतिपिंडांची पहिली ओळख मात्र व्यवहाराच्या निकडीतून झाली. एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी डिसेंबर १८९० मध्ये बर्लिनमध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात असे दाखवले की, धनुर्वाताला प्रतिकार करू लागलेल्या सशाचा रक्तरस, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव, उंदराला टोचला तर धनुर्वाताचे विष त्याला मारू शकत नाही. घटसर्पाने लहान मुले दगावत असल्यामुळे या शोधाचा उपयोग तत्काळ होऊ लागला, आणि १८९४ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू यांनी या कामासाठी घोडे वापरून मोठ्या प्रमाणावर रक्तरस मिळवण्याचा मार्ग रूढ केल्यानंतर लस-प्रयोगशाळा आणि घोड्यांच्या पागा यांचे एक नवेच मिश्र रूप युरोपात उभे राहिले. घोड्याला विषाची मात्रा थोडीथोडी वाढवत महिनोन्महिने द्यायची, ठरावीक काळाने त्याचे रक्त काढायचे आणि त्यातला रक्तरस वेगळा करून शुद्ध करायचा, ही या धंद्याची रीत. मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ पासून असलेल्या प्लेग प्रयोगशाळेने, म्हणजेच १९२५ नंतरच्या हाफकिन संस्थेने, पुढे याच रीतीने सर्पविषावरचा प्रतिविष रक्तरस तयार केला, आणि भारतातील प्रतिविषाचा आधार आजही घोडाच आहे. पुन्हापुन्हा मात्रा देण्यामागे वर्गबदल दडलेला आहे, हे त्या काळच्या पागेतील कोणालाही ठाऊक नव्हते. पहिल्या टोचणीनंतरचे रक्त कुचकामी आणि अनेक टोचण्यांनंतरचे रक्त गुणकारी, एवढे अनुभवाने कळले होते, आणि त्या अनुभवावर असंख्य मुलांचे प्राण वाचले.

घोड्याच्या रक्तरसाचा त्रासही लवकरच कळला. १९०५ मध्ये व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी रक्तरस टोचल्यावर काही दिवसांनी येणारा ताप, पित्त उठणे आणि सांधे सुजणे यांचे सविस्तर वर्णन करून हा आजार घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध रोग्याच्या शरीराने दिलेल्या प्रत्युत्तराचा आहे असे मांडले. तो टाळण्याची धडपड करताना १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील वेलकम प्रयोगशाळेत सी. जी. पोप यांनी रक्तरसावर पेप्सिन या पाचक विकराची प्रक्रिया करण्याची पद्धत बसवली. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. पेप्सिनने प्रतिपिंडाचा एक भाग कापला जातो, तरीही विष निष्प्रभ करण्याची त्याची शक्ती कायम राहते, हे त्यातून दिसले. प्रतिपिंडात विष ओळखणारा भाग वेगळा आणि उरलेला भाग वेगळा आहे, ही वर्गबदलाच्या कल्पनेची अर्धी वाट अशा रीतीने कारखान्यात चालून झाली होती, पण तिचा अर्थ लागायला आणखी वीस वर्षे जावी लागली.

त्याच सुमारास स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात दोन मोजमापे झाली. आर्ने टिसेलियस आणि एल्विन कबात यांनी १९३९ मध्ये विजेच्या क्षेत्रात रक्तरसातील प्रथिने वेगळी करून असे दाखवले की प्रतिपिंडे ही गॅमा ग्लोब्युलिन नावाच्या सर्वांत संथ सरकणाऱ्या गटात असतात. दुसरे मोजमाप वजनाचे होते. अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात मायकेल हायडेलबर्गर, काय पेडरसन आणि कबात यांनी न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे तोलली तेव्हा सशातील प्रतिपिंडाचा रेणुभार सुमारे दीड लाख आणि घोड्यातील प्रतिपिंडाचा सुमारे नऊ लाख भरला. एकाच जंतूवर दोन इतक्या भिन्न वजनांची प्रथिने का असावीत, याचे उत्तर तेव्हा प्राण्यांच्या जातीतील फरकावर सोपवले गेले. १९४४ मध्ये त्याच उप्सालात यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी नाकातोंडातून रक्त वाहणाऱ्या दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तात प्रचंड रेणुभाराचे एकच प्रथिन इतके साठले होते की रक्त दाट होऊन वाहण्याला अडथळा येत होता. माणसातही जड प्रतिपिंडाची जात असते याचा हा पहिला ठळक पुरावा होता, आणि आज त्या जातीला आयजीएम म्हणतात.

रुग्णाच्या शरीरातून एकच प्रथिन शुद्ध रूपात मिळण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. लंडनचे वैद्य आणि रसायनतज्ज्ञ हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे १८४५ च्या नोव्हेंबरात हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना सोसणाऱ्या एका रोग्याची लघवी तपासणीसाठी आली, आणि तीतील पदार्थाने त्यांना गोंधळात टाकले, कारण तो तापवल्यावर विरघळत होता व थंड झाल्यावर पुन्हा साकळत होता, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या अगदी उलट वागत होता. तो रोगी काही आठवड्यांतच मरण पावला. पुढील शंभर वर्षे हे प्रथिन मायलोमाच्या निदानाची खूण म्हणून वापरले गेले. मायलोमा म्हणजे हाडांच्या मगजात प्लाझ्मा पेशींची, म्हणजे बी पेशींपासून बनून प्रतिपिंडे ओतणाऱ्या पेशींची, होणारी कर्करोगाची वाढ. मायलोमाच्या सगळ्या पेशी एकाच मूळ पेशीपासून निपजलेल्या असल्यामुळे त्या सर्व मिळून एकच प्रथिन ओततात, आणि जे निसर्ग निरोगी शरीरात कधीही करत नाही, म्हणजे एकाच प्रतिपिंडाचे किलोगणिक उत्पादन, ते या रोगात घडते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हेन्री कुंकेल यांनी १९५० च्या दशकात असा आग्रह धरला की मायलोमातील प्रथिने ही रोगट किंवा विकृत नसून निरोगी प्रतिपिंडांपैकीच एकेक सुटे नमुने आहेत. हे म्हणणे मान्य होण्याला वेळ लागला, परंतु प्रतिपिंडशास्त्राच्या इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे, कारण त्यामुळे कर्करोगाच्या वॉर्डातील रक्ताच्या बाटल्या मूलभूत संशोधनाचे साहित्य ठरल्या.

प्रतिपिंडांची रचना लागली ती याच साहित्यावर आणि सशांच्या रक्तरसावर. रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये लंडनमध्ये पपईच्या चिकातील विकराने सशाचे प्रतिपिंड तीन तुकड्यांत तोडले, त्यांपैकी दोन तुकडे जंतूला चिकटणारे आणि तिसरा न चिकटणारा निघाला. त्याच वर्षी जेराल्ड एडलमन यांनी कुंकेल यांच्याच संस्थेत प्रतिपिंड अनेक साखळ्यांचे बनलेले असते हे दाखवले. पुढे स्पष्ट झाले की प्रतिपिंडाच्या मूळ एककात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात, साखळ्यांची टोके जंतू ओळखतात आणि जड साखळीचा उरलेला भाग प्रतिपिंडाचा वर्ग ठरवतो. एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी १९६२ मध्ये एका रुग्णाच्या रक्तातील मायलोमा प्रथिनापासून हलक्या साखळ्या सुट्या केल्या, तेव्हा त्या बेन्स जोन्स यांच्या पदार्थासारख्याच तापवल्यावर विरघळल्या. लघवीतील ते कोडे म्हणजे पेशीने गरजेपेक्षा जास्त घडवलेल्या हलक्या साखळ्या होत्या. पोर्टर आणि एडलमन यांना १९७२ चे नोबेल मिळाले.

प्रतिपिंडे कोणती पेशी घडवते, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच दिशांनी आले. स्टॉकहोममध्ये आस्ट्रिड फाग्रेउस यांनी १९४८ च्या प्रबंधात सशांच्या प्लीहेतील निरीक्षणांवरून हे काम प्लाझ्मा पेशी करतात असे दाखवले. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये पुन्हापुन्हा न्यूमोनिया होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन मुळीच नाही असे पाहिले आणि दात्यांच्या रक्तातून मिळवलेले गॅमा ग्लोब्युलिन टोचून त्याचे आजारपण थांबवले. या एका मुलामुळे प्रतिपिंडांच्या अभावाचा रोग वैद्यकात दाखल झाला. ओहायो राज्य विद्यापीठातील ब्रूस ग्लिक यांचा शोध तर कुक्कुटपालनातून निघाला. पाडुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी वर्णिलेली कोंबडीच्या गुदाजवळची एक लहान पिशवी काय काम करते हे शोधण्यासाठी ग्लिक यांनी पिलांची ती पिशवी कापून टाकली होती. अशाच काही कोंबड्या त्यांचे सहकारी टिमथी चँग यांनी विद्यार्थ्यांना प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी वापरल्या, आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. एका नामांकित विज्ञान-नियतकालिकाने नाकारलेला हा लेख अखेर १९५६ मध्ये कुक्कुटविज्ञानाच्या नियतकालिकात छापला गेला, आणि रोगप्रतिकाराचा अभ्यास करणाऱ्यांच्या नजरेस पडायला त्याला काही वर्षे लागली. मिनेसोटात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी १९६५ मध्ये कोंबड्यांवरील प्रयोगांतून दोन वेगळ्या पेशीवंशांचे चित्र पूर्ण केले, आणि प्रतिपिंडे घडवणाऱ्या वंशाला त्या पिशवीच्या इंग्रजी नावातील पहिल्या अक्षरावरून बी हे नाव पडले. माणसाला अशी पिशवी नसते. ते काम त्याच्या अस्थिमज्जेत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६४ मध्ये आयजीजी, आयजीए आणि आयजीएम ही नावे रूढ केली. पुढच्या दोन वर्गांतही मायलोमाचाच हात आहे. डेव्हिड रो आणि जॉन फेही यांना १९६५ मध्ये एका मायलोमा रुग्णाच्या रक्तात आयजीडी सापडले. कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दाम्पत्याने १९६६ मध्ये परागकणांनी सर्दी व दमा होणाऱ्या लोकांच्या रक्तरसातून आयजीई शोधले, पण रक्तरसात ते इतके अत्यल्प असते की त्याचा रासायनिक अभ्यास शक्य झाला तो पुढच्या वर्षी उप्सालाच्या जोहान्सन आणि बेनिख यांना तेच प्रथिन भरपूर प्रमाणात असलेला मायलोमा रुग्ण मिळाल्यावर. संपन्न देशांना ग्रासणाऱ्या ॲलर्जीचे रसायन अशा रीतीने एका मरणाऱ्या माणसाच्या रक्तातून वाचले गेले, ही गोष्ट इतिहासाने अधिक ठळकपणे नोंदवायला हवी.

वर्ग पाच, पण ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत? १९६० च्या दशकात अनेक प्रयोगशाळांनी एक क्रम नोंदवला होता. जोनाथन उर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवाणूंवर वाढणारा एक विषाणू गिनीपिगांना टोचून रोजच्या रोज रक्त तपासले, तेव्हा आधी जड आयजीएम दिसले आणि काही दिवसांनी हलके आयजीजी, आणि दुसऱ्या टोचणीनंतर तर बहुतेक भर आयजीजीवरच राहिला. घोड्यांच्या पागेतील जुन्या अनुभवाचा खुलासा येथे मिळू लागला. मात्र आयजीएम घडवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि त्यांच्यामागून जाग्या होणाऱ्या आयजीजीच्या पेशी वेगळ्या, की एकच पेशी आपला माल बदलते, हे रक्तरसावरून ठरणारे नव्हते. मेलबर्नमध्ये गस्टाव नोसल आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५८ मध्ये एकेक पेशी द्रवाच्या इवल्या थेंबात वेगळी ठेवून एक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते असे दाखवले होते, आणि १९६४ मध्ये नोसल यांच्याच गटाला असे प्रयोग करताना काही मोजक्या पेशी आयजीएम आणि आयजीजी दोन्ही बनवताना आढळल्या. त्या पेशी पालटाच्या क्षणी पकडल्या गेल्या असाव्यात, असा त्याचा अर्थ होता.

खरा निवाडा १९७० मध्ये झाला, आणि तो दोन अगदी भिन्न ठिकाणांहून आला. अलाबामातील बर्मिंगहॅम येथे पॉल किंकेड, अलेक्झांडर लॉटन आणि मॅक्स कूपर यांनी कोंबडीच्या गर्भाला आयजीएमविरुद्धचे प्रतिपिंड टोचले आणि अंड्यातून बाहेर पडल्यावर त्याची पिशवी काढली; त्या कोंबड्यांत आयजीएम तर नव्हतेच, शिवाय ज्याला हात लावलेला नव्हता ते आयजीजीही निर्माण झाले नाही. आयजीजीच्या पेशी आयजीएमच्या पेशींच्याच वंशज असतील तरच असे घडू शकते. त्याच वर्षी अमेरिकेत आल्फ्रेड निसोनॉफ, ह्यू फूडेनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी एका असाधारण रुग्णाच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या रक्तात मायलोमाची एक नव्हे तर दोन प्रथिने होती, एक आयजीएम आणि दुसरे आयजीजी, आणि दोहोंच्या जड साखळ्यांचा जंतू ओळखणारा भाग सारखाच असल्याचे पुरावे मिळाले. हत्याराचे पाते तेच ठेवून मूठ तेवढी बदलावी, तसे त्या पेशीने केले होते. प्रायोगिक प्राण्यात ठरवून जे साधता आले नसते ते एका माणसाच्या रोगाने समोर मांडले.

आता प्रश्न जनुकांकडे गेला. एक जनुक एक प्रथिन बनवते या त्या काळच्या ठाम नियमात ही घटना बसत नव्हती. हिलशमान आणि क्रेग यांनी १९६५ मध्ये बेन्स जोन्स प्रथिनांतील ॲमिनो आम्लांचा क्रम लावून दाखवले होते की हलक्या साखळीचा अर्धा भाग रुग्णागणिक बदलतो आणि उरलेला अर्धा जवळजवळ तसाच राहतो. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी धाडसी तर्क मांडला की बदलत्या भागाचे जनुक आणि स्थिर भागाचे जनुक वेगवेगळे असून पेशी ते जोडते. अकरा वर्षांनी, १९७६ मध्ये, बाझेल येथील संस्थेत नोबुमिची होझुमी आणि सुसुमु तोनेगावा यांनी उंदराच्या गर्भातील आणि प्लाझ्मा पेशींच्या गाठीतील डीएनए शेजारीशेजारी तपासून ती दोन जनुके गर्भात दूर आणि गाठीत जवळ असतात हे सिद्ध केले.

या गाठी कोठून आल्या हे सांगितल्याशिवाय पुढचा भाग कळणार नाही. अमेरिकेच्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल पॉटर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी असे शोधले की बॅल्ब-सी नावाच्या शुद्ध वाणाच्या उंदरांच्या पोटात खनिज तेल टोचल्यास कालांतराने त्यांना प्लाझ्मा पेशींच्या गाठी होतात आणि प्रत्येक गाठ आपापले एकच प्रतिपिंड ओतत राहते. मानवी रुग्ण दुर्मीळ आणि अल्पायुषी असतो. उंदराची गाठ एका उंदरातून दुसऱ्यात अखंड वाढवता येते. पॉटर यांनी या गाठी जगभरच्या प्रयोगशाळांना मोकळ्या हाताने वाटल्या, आणि केंब्रिजमध्ये केलर व मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये हवे ते एकच प्रतिपिंड अमर्याद बनवणाऱ्या संकरित पेशी घडवल्या त्याही अशाच गाठीच्या पेशींतून. नोबेलच्या यादीत पॉटर यांचे नाव नाही; तरीही या क्षेत्रातील किमान दोन नोबेल त्यांच्या उंदरांवाचून कल्पनेतही आणता येत नाहीत.

वर्गबदलाचे जनुकीय गणित सोडवले टोकियो विद्यापीठातील तासुकु होंजो यांनी. बेथेस्डामध्ये फिलिप लेडर यांच्याकडे काम करून ते जपानला परतले होते, आणि १९७८ मध्ये त्यांनी तोहरू काताओका यांच्यासह उंदरांच्या वेगवेगळ्या वर्गांचे प्रतिपिंड बनवणाऱ्या गाठींमधील जड साखळीच्या जनुकांची मोजदाद प्रसिद्ध केली. मोजणी अप्रत्यक्ष होती. त्या काळी जनुके वेगळी काढून वाचण्याची सोय नुकतीच हाती येत होती, म्हणून त्यांनी किरणोत्सर्गी खूण लावलेले पूरक डीएनए गाठीच्या डीएनएला किती प्रमाणात चिकटते यावरून एकेका जनुकाच्या प्रती किती उरल्या आहेत हे ताडले. निरनिराळ्या गाठींत निरनिराळी जनुके गहाळ होती, आणि गहाळ होण्यात एक शिस्त होती. ज्या वर्गाचे प्रतिपिंड गाठ बनवत होती त्याच्या आधीची जनुके नाहीशी होत होती, नंतरची शाबूत राहत होती. यावरून होंजो यांनी गुणसूत्रावरील जनुकांचा क्रमही मांडला आणि असा निष्कर्ष काढला की वर्गबदलाच्या वेळी बी पेशी आपल्या डीएनएतील मधला तुकडा कायमचा फेकून देते आणि बदलत्या भागाचे जनुक नव्या स्थिर भागाशेजारी आणते. नाहीशा झालेल्या गोष्टींवरून उरलेल्यांची मांडणी ओळखणारा हा युक्तिवाद जीवशास्त्रातील अतिशय देखण्या युक्तिवादांपैकी एक आहे, आणि पुढच्या तीनचार वर्षांत जनुके प्रत्यक्ष वेगळी काढल्यावर तो अचूक ठरला. मानवी चौदाव्या गुणसूत्रावर आयजीएमचा स्थिर भाग पहिला, पाठोपाठ आयजीडी आणि मग इतर, असा क्रम आहे. म्हणूनच आयजीजीपर्यंत पोहोचलेली पेशी पुन्हा आयजीएमकडे परतू शकत नाही. फेकलेला तुकडा वर्तुळाच्या रूपात पेशीत काही काळ राहतो, आणि अशी वर्तुळे १९९० मध्ये प्रत्यक्ष हाती आली.

पेशीचा प्रत्येक पालट डीएनए कापून होतो असे मात्र नाही. लॉस एंजेलिस आणि पासाडीना येथील गटांनी १९८० मध्ये दाखवले की एकाच जनुकापासून निघालेल्या आरएनएची, म्हणजे जनुकाच्या निरोप्या प्रतीची, कापाकाप दोन प्रकारे होऊन पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेले आयजीएम आणि बाहेर ओतले जाणारे आयजीएम अशी दोन प्रथिने बनतात. कोऱ्या बी पेशीवर आयजीएम आणि आयजीडी एकाच वेळी दिसतात तेही याच युक्तीने. प्लाझ्मा पेशी झाल्यावर मात्र सारा भर ओतण्यावर येतो आणि ती दर सेकंदाला हजारो रेणू बाहेर टाकते.

कोणत्या वर्गाकडे वळायचे हे बी पेशी एकटी ठरवत नाही. १९८० च्या दशकात डॅलस, बेथेस्डा आणि ओसाका येथील गटांनी टी पेशींच्या, म्हणजे कूपर आणि गुड यांच्या चित्रातील दुसऱ्या वंशाच्या पेशींच्या, स्रावांतील प्रथिने एकेक करून ओळखली. उंदरात इंटरल्यूकिन-४ मिळाले तर पेशी आयजीजी-१ आणि आयजीईकडे वळते, इंटरफेरॉन-गॅमा मिळाले तर आयजीजी-२-ए कडे, आणि टीजीएफ-बीटा मिळाले तर आयजीएकडे. परंतु मूळ परवानगी कोणती, हे पुन्हा आजारी मुलांनीच सांगितले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस बॉस्टन आणि पॅरिसमधील डॉक्टरांनी अशी मुले वर्णिली होती की त्यांच्या रक्तात आयजीएम भरपूर आणि आयजीजी, आयजीए जवळजवळ शून्य. वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गांनी ती खंगत. बहुतेक मुलगेच असल्यामुळे दोष एक्स गुणसूत्रावर असणार हे उघड होते. १९९३ मध्ये एकाच वेळी अनेक गटांना आढळले की या मुलांच्या टी पेशींवर सीडी-४० लिगंड नावाचे प्रथिन सदोष असते, आणि बी पेशीवरील सीडी-४० ला त्याचा स्पर्श झाल्याशिवाय बहुतांश वर्गबदल सुरूच होत नाही.

याच आजाराच्या दुसऱ्या एका प्रकारात टी पेशी ठीक होत्या आणि दोष बी पेशींतच होता. तो कोणता, हे कळायला क्योटोची वाट पाहावी लागली. होंजो १९८४ पासून क्योटो विद्यापीठात होते, आणि तेथे उद्दीपन दिल्यावर आयजीएमवरून झपाट्याने आयजीएवर जाणारी उंदराची पेशीजात त्यांच्या गटाने शोधली होती. उद्दीपन दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींमधील आरएनएची वजाबाकी करून मासामिची मुरामात्सु यांनी १९९९ मध्ये एड हे विकर हाती आणले, जे उद्दीपन मिळालेल्या बी पेशींतच दिसते. सप्टेंबर २००० मध्ये एकाच अंकात दोन लेख शेजारीशेजारी प्रसिद्ध झाले : क्योटोच्या लेखात एड नसलेल्या उंदरांचा वर्गबदल पूर्ण थांबल्याचे होते, आणि पॅरिसच्या अ‍ॅन ड्यूरँडी यांच्या गटाच्या लेखात त्या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचे एडचे जनुकच बिघडलेले असल्याचे. दोन्हीकडे आणखी एक गोष्ट बंद पडली होती, ती म्हणजे जंतू ओळखणारा भाग अधिक धारदार करण्यासाठी बी पेशी आपल्या जनुकात घडवून आणते ते सूक्ष्म बदल. दोन अगदी भिन्न दिसणाऱ्या क्रियांच्या मुळाशी एकच विकर असेल, अशी अपेक्षा फार थोड्यांनी केली होती.

एड काम कसे करते यावर मात्र मोठा वाद झाला. आरएनएत फेरफार करणाऱ्या एका विकराशी त्याचे साम्य असल्यामुळे होंजो यांनी एड आरएनएवर चालते असे मानले, तर केंब्रिजच्या मायकेल न्यूबर्गर यांनी ते थेट डीएनएवर चालते असा पक्ष घेतला. न्यूबर्गर यांच्या गटाने २००२ मध्ये एडचे जनुक जीवाणूत घातले आणि त्याच्या डीएनएत सायटोसिन या अक्षराच्या जागी युरेसिल होऊन बदल होत असल्याचे दाखवले. शिवाय युरेसिल काढून टाकणारे यूएनजी हे विकर नसलेल्या उंदरांत वर्गबदल मोठ्या प्रमाणावर मंदावला. २००३ मध्ये यूएनजी बिघडलेले मानवी रुग्णही सापडले, आणि त्यांच्यातही आयजीएमच साठलेले होते. पुराव्याचे वजन स्पष्टपणे डीएनएच्या बाजूला आहे : स्थिर भागांच्या आधी असलेल्या पुनरुक्त अक्षरांच्या पट्ट्यांवर एड घाव घालते, दुरुस्तीच्या प्रयत्नात डीएनए दोन ठिकाणी तुटतो आणि दूरची टोके जोडली जातात. होंजो यांनी आपला पक्ष दीर्घकाळ सोडला नाही, आणि त्यांच्या आग्रहामुळे प्रतिपक्षाला आपले पुरावे अधिक काटेकोर करावे लागले. त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले ते वर्गबदलासाठी नसून पीडी-१ या वेगळ्या शोधासाठी. न्यूबर्गर २०१३ मध्ये निवर्तले होते.

स्वतःचा डीएनए तोडणाऱ्या पेशीच्या हातून चूक होण्याचा धोका उघड आहे. आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या ज्या गाठींचे वर्णन डेनिस बर्किट यांनी युगांडात १९५८ मध्ये केले, त्या कर्करोगात आठव्या गुणसूत्रावरील मिक नावाचे पेशींना वाढायला लावणारे जनुक चौदाव्या गुणसूत्रावरील प्रतिपिंड-जनुकांशेजारी जाऊन बसते, हे १९८२ मध्ये कळले, आणि जगाच्या इतर भागांतील अनेक रुग्णांत तो सांधा वर्गबदलाच्या पट्ट्यातच असतो. त्याच वर्षी पॉटर यांच्या तेलाच्या गाठींतही हेच आढळले : उंदराच्या पंधराव्या गुणसूत्रावरील मिक बाराव्यावरील आयजीएच्या पट्ट्याला जोडले गेले होते. ज्या गाठींतून वर्गबदलाचे गणित सुटले त्या स्वतःच फसलेल्या वर्गबदलातून जन्मल्या होत्या, आणि २००४ मध्ये प्रयोगांनी दाखवले की एड नसलेल्या उंदरांत ही चुकीची जोडणी होतच नाही.

वर्गबदल न होणाऱ्या रुग्णांचा उपचार आजही मुख्यतः ब्रुटन यांनी दाखवलेल्या वाटेनेच चालतो. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे केलेले आयजीजी साधारण तीन ते चार आठवड्यांनी शिरेतून किंवा आठवड्याला त्वचेखाली दिले जाते, कारण शरीरात त्याचे प्रमाण सुमारे तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. सीडी-४० लिगंडचा दोष असलेल्या मुलांत टी पेशींचेही काम अडत असल्यामुळे एवढ्याने भागत नाही आणि योग्य दाता मिळाल्यास अस्थिमज्जेचे रोपण करावे लागते. एडचा दोष असलेले रुग्ण मात्र नियमित आयजीजीवर प्रौढ वयापर्यंत जगतात.